‘ही ओळ कोणासाठी?’

मधू,

तुझ्या तेरवीला मी जेवलो, वहिनींना नमस्कार केला आणि बाहेर पडण्याआधी तुझ्या खोलीत डोकावलो. लोकांना वाटलं, शाळेपासूनचा मित्र आहे, शेवटचं पाहून घेतो. खरं ते सांगतो. मी तुझ्या टेबलावरचा संगणकाचा उघडा बोर्ड पाहायला गेलो होतो. तो खरंच तिथे आहे का, त्याला डिस्क लावलेली आहे का, की सात महिने तू मला नुसतेच आकडे पाठवत होतास, हे मला पाहायचं होतं. तू जाऊन तेरा दिवस झाले होते. माझा संशय अजून चालता-बोलता होता.

बोर्ड होता. डिस्कही लावलेली होती. वर धुळीचा कण नव्हता. मी मनात म्हटलं, लावून ठेवली म्हणजे चालवली असं थोडंच आहे.

हे वहिनी वाचतील, तुझी पांढुर्ण्याची मंडळी वाचतील, सौंसरचे आपले दोन-चार जण वाचतील. त्यांच्यासाठी तुला पाठ असलेली गोष्ट पुन्हा लिहितो. कर्नल म्हणजे संगणकाच्या आतला असा गाभा, जो यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये बसून सगळी देवाणघेवाण सांभाळतो. आपण ज्या कर्नलचं काम करायचो तो जगभरातली माणसं मिळून लिहितात. कोणी बदल सुचवला की तो ई-मेलच्या सामायिक यादीवर सगळ्यांसमोर ठेवायचा. बाकीच्यांनी ओळ न् ओळ वाचून चुका काढायच्या. मग दुसरी आवृत्ती, तिसरी, चौथी. वाचणाऱ्याचं समाधान झालं की तो खाली आपलं नाव देतो, मी हे तपासलं म्हणून. चालवून पाहणारा आपलं नाव देतो, मी हे चालवलं म्हणून. ती नावं कायमची राहतात. आणि कोणी नाव न देता जे काही बोलला असेल, तेही कायमचं राहतं. आजपासून वीस वर्षांनी कोणीही उघडून वाचू शकतो की सौंसरच्या शंकर नावाच्या माणसानं पांढुर्ण्याच्या मधुकरला खोटं ठरवलं होतं.

या कामात मला ओढलंस तूच. तीस वर्षं बंगळूरला चिपा घडवून तू पांढुर्ण्याला परतलास. सकाळी तिगावकडच्या बागेत संत्र्याची झाडं, दुपारी कर्नल. मी छिंदवाड्याच्या पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन घरी कुलरपुढे बसलो होतो. जामसांवलीच्या मारुतीकडे वळणाऱ्या फाट्यावर चहा पिता पिता तू म्हणालास, ‘‘जिंदगीभर पोरांचे पेपर तपासले ना बे तू? आता माहे तपास. तुह्यासारखा खडूस माणूस तिथं कामाचा आहे.’’

तेव्हापासून दर मंगळवारी आपली फाट्यावरची बैठक. शनिवारी तिथे दर्शनाला आलेल्यांची गर्दी, म्हणून मंगळवार. तोही मारुतीचाच वार, तेव्हा थोडी गर्दी असायचीच, पण चहावाल्याकडे बाक मिळायचा. तू मोटारसायकलवर, मी बसनं. लोकांना वाटायचं, दोन म्हातारे देवाला आलेत. आपण बाकावर बसून भांडायचो, की वेग बदलल्यावर स्लॉटला सावरायला किती मिलिसेकंद द्यायचे.

अशाच एका भांडणातून हे सगळं सुरू झालं.

डिस्क ज्या स्लॉटमध्ये बसते, त्या जोडणीचं नवं मानक आलं होतं. वेग जुन्याच्या दुप्पट. ज्या कंपनीत तू त्या वेगाची चिप घडवली होतीस तिनं आपल्या दोघांना एकेक बोर्ड दीड-दोन वर्षं आधीच पाठवला होता. चिपेत नवा वेग होता, पण तो वापरायचा कसा हे कर्नलला माहीत नव्हतं. ते शिकवणारे बदल तू लिहिलेस आणि पहिल्या आवृत्तीसोबत आकडेही दिलेस. मोठी फाईल निम्म्याहून कमी वेळात वाचून होते, असे.

मी ते बदल माझ्या बोर्डावर चढवले. वेग जुनाच. जुन्याहून एक पायरी खालीच. पुन्हा चालवलं. तोच आकडा.

दुसरा कोणी असता तर त्यानं आधी स्वतःचं यंत्र पाहिलं असतं. मी तुझ्याकडे पाहिलं.

कारण माझ्याकडे तुझ्याविरुद्ध एक जुना पुरावा होता. पन्नास वर्षांपूर्वीचा. नागपूरला कॉलेजात ट्रान्झिस्टरचा प्रयोग होता. मीटर बिघडलेलं, सबमिशन दुसऱ्या दिवशी. तू आधी पुस्तकातल्यासारखा सुंदर आलेख काढलास आणि मग त्या आलेखावरून आकडे उतरवून तक्ता भरलास. ‘‘निकाल माहीतच आहे, मीटरले कायले तकलीफ द्यायची?’’ असं म्हणालास. सरांनी तुझ्या वहीवर ‘उत्तम’ लिहिलं. मी ते कधी विसरलो नाही. मात्र त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग मी कधी कोणाला सांगितला नाही. तो तक्ता मी माझ्या वहीत जसाच्या तसा उतरवला होता. माझ्या वहीवर नुसती सही मिळाली, शेरा नाही. मला राग कशाचा होता हे आज कुठे स्पष्ट दिसतं.

पुढच्या मंगळवारी मी बाकावर बसण्याआधीच विचारलं, ‘‘आकडे कुठून आणले?’’

‘‘बोर्डातून. अजून कुठून आणू, बागेतून तोडून?’’

‘‘माह्या बोर्डावर येत नाहीत.’’

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. हसला नाहीस. ‘‘तुह्या बोर्डाची ती सुरुवातीची फाईल एकदा पाह्य शंकर. बोर्ड चालू होताना वाचते ती.’’

‘‘मले शिकवून राहिला का आता? चाळीस वर्षं मी हेच शिकवलं.’’

‘‘शिकवत नाही बे. पाह्य म्हणून राहिलो. नाहीतर मी येतो सौंसरले, दोन मिनिटांचं काम आहे.’’

‘‘माह्या मशीनले हात लावायचं काम नाही.’’

म्हणजे मला वाटलं, हा येईल, माझ्या यंत्रात काहीतरी करेल आणि आकडे जुळवून जाईल. शाळेपासूनच्या मित्राबद्दल मला खरोखर असं वाटलं. तू म्हणालास, मग तूच ये पांढुर्ण्याला, माझ्या घरी चालवून पाहा. तर मी म्हटलं, तिथं तू आधीच सगळं मांडून ठेवशील. तू वळून चहावाल्याला म्हणालास, ‘‘याच्या चहात साखर कमी टाक गा. याले गोड बोलणं पचत नाही.’’

चहावाला हसला. मी चहा तसाच ठेवून बस पकडली.

त्यानंतर मी यादीवर, म्हणजे सगळ्यांसमोर, लिहिलं की लेखकाचे आकडे मला मिळत नाहीत आणि हे बदल खऱ्या यंत्रावर चालवले गेले असतील याबद्दल मला शंका आहे. तू शांतपणे उत्तर दिलंस, पुन्हा आकडे दिलेस. तिसऱ्या आवृत्तीत मी ते मिलिसेकंदांचं काढलं. मानक सांगतं तेवढा वेळ तू थांबत नाहीस, असं लिहिलं. तुझं म्हणणं, या चिपेला तेवढा लागत नाही, मी घडवलेली आहे, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, तुला ठाऊक असणं म्हणजे पुरावा नाही. त्या मुद्द्यावर मी आजही माझ्या जागी आहे, मधू. तू गेलास म्हणून तो मुद्दा मी सोडलेला नाही.

पण चौथ्या आवृत्तीनंतर मी जे केलं ते कोणालाच माहीत नाही. ते आज इथे लिहायचं आहे. त्या भागाचे बदल स्वीकारायचे की नाही हे ठरवणाऱ्या बाई दूरदेशी असतात, तू त्यांना फार मानायचास. त्यांना मी खाजगी पत्र लिहिलं. हा माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, त्यानं पूर्वीही न घेतलेले आकडे लिहिलेले आहेत, सावध राहा, असं. कॉलेजची वही आहे, पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, हे लिहिलं नाही. मीही तीच वही उतरवली, हे तर नाहीच.

बाईंनी यादीवर एका ओळीत कळवलं की दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे आकडे पडताळेपर्यंत हे बदल थांबवत आहे. दुसरा बोर्ड आपल्यापैकी फक्त माझ्याकडे होता. तू समजलास का तेव्हा? फाट्यावर तू त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. मी तुझा चेहरा बारकाईनं पाहत होतो. तुला कळलंय की नाही, यासाठी.

त्याच मंगळवारी तू म्हणालास की पुढच्या आठवड्यात येणं जमणार नाही, नागपूरच्या डॉक्टरांनी बोलावलंय. आणि मी काय बोललो?

‘‘बोर्ड दाखव म्हटलं की तुले डॉक्टर आठवते.’’

तू हसलास. ‘‘हाव. डॉक्टरही तुह्यासारखाच आहे लेका. रिपोर्टवर त्याचा भरोसा नाही, पुन्हा काढून आण म्हणते.’’

मी ते हसण्यावारी नेलं. तुझा शर्ट गळ्यापाशी ढिला झाला होता हे मला दिसलं होतं. दिसलेलं मी नोंदवलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत हीच चूक लाल पेनानं दाखवत आलो.

पाचवी आवृत्ती तू नागपूरहून परतल्यावर आली. बदल फारसे नव्हते. एक ओळ मात्र नवी होती. बोर्ड चालू होताना स्लॉटला पूर्ण वेग मिळाला नाही आणि तो कोणी मुद्दाम सेटिंग करून कमी बांधलेला असेल, तर पडद्यावर तसं छापायचं. एवढंच. मी ती आवृत्ती चालवली नाही. चार वेळा चालवून झालं होतं, पाचव्यांदा कशाला. नुसती वाचली आणि त्या ओळीखाली लिहिलं: ही ओळ कोणासाठी? ज्यानं वेग बांधला त्याला ते माहीत असतंच. विनाकारण गर्दी. काढून टाकावी.

तुझं उत्तर आलं. तुझं शेवटचं. ‘राहू द्यावी. कोणाच्या तरी कामी येईल.’

मी त्याला उत्तर दिलं नाही. दोन मंगळवार फाट्यावर गेलो नाही. तिसऱ्या मंगळवारी वहिनींचा फोन आला.

तेरवीनंतर चार दिवसांनी मी पुन्हा पांढुर्ण्याला गेलो. वहिनींना म्हटलं, मधूचं काम अर्धं राहिलंय, त्याचं यंत्र जरा चालू करून पाहू का. त्यांनी खोली उघडून दिली. दुपारची वेळ होती. तुझ्या खुर्चीवर न बसता मी स्टूल ओढून घेतलं. मोठी फाईल वाचायला लावली आणि मनगटावरचं घड्याळ धरलं. तुझ्या यंत्रातल्या घड्याळावरही माझा विश्वास नव्हता. निम्म्याहून कमी वेळ लागला. पुन्हा लावली. तेवढाच. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘चालू आहे ना भाऊजी?’’

मी ‘हो’ म्हटलं आणि बसस्टॉपवर येईपर्यंत विचार करत राहिलो की तुला बोर्डच वेगळा मिळाला असणार. पाहा, मी कसा माणूस आहे ते.

ते सिद्ध करायलाच मी घरी येऊन तुझी पाचवी आवृत्ती माझ्या बोर्डावर चढवली. बोर्ड बंद केला, चालू केला. पडद्यावर नेहमीच्या ओळी सरकत गेल्या आणि त्यांच्यात एक नवी ओळ आली.

‘स्लॉटचा वेग वापरणाऱ्याच्या सेटिंगमुळे कमी ठेवला आहे.’

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग ती सुरुवातीची फाईल उघडली, जी तू मला ‘पाह्य’ म्हणाला होतास. तिच्यात वेग बांधणारं सेटिंग होतं. त्या क्षणी आठवलं, आणि सगळं एकदमच आठवलं. दोन उन्हाळ्यांमागचा मे महिना. कुलरचं पाणी तासाभरात आटायचं. याच बोर्डावरची माझी डिस्क दुपारी तापून यंत्राला मध्येच दिसेनाशी व्हायची. मी तुला फोन केला, तू त्या उन्हात ओला टॉवेल डोक्याला गुंडाळून मोटारसायकलवर सौंसरला आलास. दहा मिनिटांत काम झालं. ‘‘वेग एक पायरी खाली बांधून ठेवला,’’ म्हणालास, ‘‘उन्हाळ्यापुरता. थंडी पडली की काढून टाकजो. चिठ्ठी लिहून डब्ब्यावर चिकटव, नाहीतर भुलशील.’’

मी म्हटलं होतं, ‘‘चिठ्ठी तुह्यासारख्याले लागते. माह्या लक्षात राहते.’’

दोन हिवाळे गेले. तू खोटा आहेस हे मी सात महिने ज्या यंत्रावर सिद्ध करत होतो, त्याचा वेग तू माझ्यासाठी बांधला होतास. माझ्याच सांगण्यावरून.

आता तुला विचारायचं ते हेच, आणि तू उत्तर देणार नाहीस. ती ओळ तू माझ्यासाठी लिहिली होतीस का? यादीवर एका वाक्यात तू मला उघडं पाडू शकत होतास: शंकरनं वेग बांधून ठेवलाय आणि विसरलाय. सगळे हसले असते आणि तुझे बदल त्याच आठवड्यात स्वीकारले गेले असते. त्याऐवजी तू कर्नलमध्येच एक ओळ लिहिलीस, म्हणजे माझं यंत्रच मला सांगेल, घरात, कोणी पाहत नसताना. असं मला वाटतं. मग वाटतं की आता तू नाहीस म्हणून मी तुला इतका थोर करतोय. कोणताही चांगला प्रोग्रामर अशी ओळ घालतोच. संशय घ्यायची सवय अशी एका दिवसात सुटत नाही. आता ती माझ्या पश्चात्तापाकडेही तशीच पाहते.

वहिनींना सांगितल्याशिवाय गती नव्हती. तिसऱ्यांदा पांढुर्ण्याला गेलो. सेटिंगचं सांगितलं, बाईंना लिहिलेल्या पत्राचं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही.

‘‘तेरवीले जेवून गेले, तेव्हा माहीत होतं का हे?’’

‘‘पत्राचं माहीत होतं. चूक माझी आहे हे नव्हतं.’’

‘‘मले तुमचं ते कर्नल समजत नाही भाऊजी. पण तुमचा मेल आला की हे जेवण सोडून उठत. मी म्हणो, काय लिहिते तो शंकरभाऊ? तर म्हणत, शिव्या देऊन राहिला, पण नीट वाचून देऊन राहिला.’’ मग सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘माह्यापाशी कायले रडता? जिथं लिहिलं तिथंच जाऊन लिहा ना.’’

मी माफी मागायला गेलो होतो. ती त्यांनी दिली नाही. बरोबर केलं. जागा दाखवून दिली.

म्हणून घरी येऊन आधी ते सेटिंग काढलं. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा. पाच वेळा मोजलं. माझा बोर्ड तुझ्या आकड्यांपेक्षा जरासा जोरातच पळाला. तेव्हा मी तुझी जुनी मेल पुन्हा उघडली. तळाशी एका ओळीत तू लिहिलं होतंस की अनेक वेळा मोजून त्यातला सगळ्यात वाईट आकडा दिला आहे. सात महिने ती मेल माझ्यासमोर होती. मी ती ओळ वाचलीच नव्हती. पन्नास वर्षांत तू आलेखावरून आकडे उतरवणारा राहिला नव्हतास. मी मात्र अजून निकाल आधी ठरवून वही भरत होतो.

सहावी आवृत्ती मी पाठवली आहे. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे: लेखक नसला तरी काम त्याच्याच नावानं पुढे जातं, नेणारा खाली आपलं नाव जोडतो. वर तू, खाली मी. आता मी परीक्षक नाही, पाठवणारा आहे, त्यामुळे ‘मी हे तपासलं’ असं लिहायचा हक्क माझा गेला. थांबण्याची ती मिलिसेकंदं मी मानकाप्रमाणे वाढवली आणि कंसात लिहिलं की एवढा बदल माझा, लेखकाचा नाही, लेखकाला तो मान्य नव्हता. तू चिडशील. पण मला पटलं नव्हतं ते तू मेलास म्हणून पटलं म्हणणं, हे पुन्हा खोटे आकडे लिहिण्यासारखंच झालं असतं.

सोबत एक वेगळं पत्र सगळ्यांसमोर टाकलं. बाईंना खाजगीत काय लिहिलं होतं, कोणती वही, कोणतं वर्ष, ती वही कोणी उतरवली, माझ्या बोर्डाचा वेग कोणी, कोणासाठी बांधला होता आणि कोण विसरला. बाईंनी उत्तरात तुझ्याबद्दल दोन वाक्यं लिहिली, माझ्याबद्दल काहीच नाही. कंपनीकडून आणखी एक बोर्ड मागवून आकडे पडताळणीसाठी त्यांनी दुसऱ्या एकाला दिले आहेत. माझ्या शब्दावर त्या आता घेणार नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही घेतले नसते.

त्या दुसऱ्या माणसाची मेल काल आली. कोणी तरुण असावा, नेमकं लिहितो. आकडे जुळतात म्हणाला. बाकी ठीक म्हणाला. मग तुझ्या त्या ओळीवर येऊन थांबला. वेग बांधलेला असेल तर छापायचं, ते. त्याच्याखाली त्यानं विचारलं आहे: ही ओळ कोणासाठी? काढली तर चालेल का?

मी लिहिलं: काढू नये. ही माझ्यासाठी आहे.